मॅडमचा नाका

“बरोबर ना मॅडम?” त्या पोरानं तिसऱ्यांदा विचारलं.

एप्रिलची सकाळ होती. बायकोच्या इंग्रजी क्लासच्या उन्हाळी बॅचचा पहिला दिवस. आमच्या दारात नवी पोरं ओळीनं उभी होती आणि मी पायरीवरच्या त्यांच्या चपलांच्या ढिगातून माझी चप्पल शोधत होतो. हातात पिशवी होती. निघताना मी तिला विचारलं होतं, “भाजी कुठली आणू?” तिनं उत्तर दिलं नव्हतं. पोरं समोर आली की ती माझ्याशी बोलत नसे.

पोराचं काही चुकलं नव्हतं. शब्द त्यानं आधी अमेरिकन पद्धतीनं म्हटला, मग ब्रिटिश. इतकी वर्षं ऐकून माझ्यासारख्या फिटरच्या कानालाही तेवढं कळायला लागतं. तिनं फक्त ‘येस, कम इन’ म्हणायचं होतं. ती तोंड उघडून उभी राहिली. मग म्हणाली, “भाजी.”

पोरं हसली. त्यांना वाटलं, मॅडम गंमत करतात.

“भाजी,” ती पुन्हा म्हणाली. आता तिला राग आला होता. तिनं पोराकडं बोट केलं, आत खोलीकडं बोट केलं आणि ओरडली, “भाजी! भाजी!”

मागून एक जण म्हणाला, “मॅडम, अमेरिकन भाजी का ब्रिटिश?” मग तर सगळी ओळच खिदळायला लागली.

तेवढ्यात तिच्या हातातला खडू पडला. तिच्या हातातून खडू पडलेला मी कधी बघितला नव्हता. मी पिशवी टाकली, पायरी चढलो आणि तिला धरलं. तिचा उजवा हात ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता.

तिचं बोलणं गेलं ते असं.

आमचं गाव इचलकरंजी. गल्लीत दोन्ही बाजूंना माग, दिवसभर खडखड. त्या आवाजाच्या वर आवाज चढवून ती घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवायची. मी सूतगिरणीत फिटर होतो. तिचं नाव हेमलता, पण सगळा गाव ‘मॅडम’च म्हणायचा. ती मिरजेला मिशनच्या बंगल्यांत वाढलेली. तिचे वडील तिथं माळी होते. एका बंगल्यात अमेरिकन डॉक्टरांचं कुटुंब होतं, शेजारच्या बंगल्यात एक म्हातारी इंग्रज नर्सबाई. ही दोन्हीकडं जायची. पण इकडचं बोलणं तिकडं गेलं की नर्सबाई हातावर पट्टी मारायची आणि तिकडचं इकडं आलं की डॉक्टरांची पोरं नक्कल करून हसायची. त्यामुळं दोन्ही इंग्रजी तिच्या तोंडात वेगवेगळी बसली. एकीचा वास दुसरीला लागायचा नाही.

मला ती ‘मिस्टर’ म्हणायची. खूश असली की अमेरिकन, शेवटचा र जिभेवर घोळवून. राग असला की ब्रिटिश, र गिळून टाकायची आणि नुसतं ‘मिस्टा’ उरायचं. गिरणीतून आलो की पायातली चप्पल काढायच्या आधी मला घरातलं हवामान कळायचं. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात मला हाक मारणारी ती एकटी.

आणि क्लासच्या दाराला पोरं ‘मॅडमचा नाका’ म्हणायची. तिथं एकच शब्द चालायचा, ‘लॅबोरेटरी’. आपण सगळे म्हणतो तसा नाही. अमेरिकन म्हणायचा तर पहिल्या अक्षरावर जोर, ‘लॅब्रटोरी’. ब्रिटिश म्हणायचा तर दुसऱ्यावर जोर आणि शेवट गुंडाळून, ‘लबॉरट्री’. नव्या पोरानं उंबऱ्यात उभं राहून दोन्ही म्हणायचं. जमलं की आत. नाही जमलं तर बाहेर पायरीवर, चपलांच्यात बसायचं आणि खिडकीतून ऐकायचं. जमेल तेव्हा आत. एक नियम तिच्यावरही होता. विचारणाऱ्यानं आधी स्वतः म्हणून दाखवायचं. ती प्रत्येक बॅचला आधी स्वतः म्हणायची, मग पोरांना विचारायची.

बहुतेकांना दोन दिवसांत जमायचं. पायरीवरची पोरं आतल्या पोरांची करमणूक असायची. ती म्हणायची, “लाज वाटली की जीभ वळते, मिस्टर. मायेनं कुणाची जीभ वळलेली मी बघितली नाही.”

मी म्हणायचो, “तुला ठाऊक.”

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूतली रक्ताची गुठळी बोलण्याच्या जागी बसली आहे. हात-पाय थोडे सुधारतील. “त्यांना सगळं समजतं,” डॉक्टर म्हणाले, “पण शब्द काढता येत नाही. बोलणं यायचं असलं तर पहिल्या काही महिन्यांतच येतं. नंतर फारसं नाही. माणूस लावा.”

माणूस म्हणजे बोलायला शिकवणारी बाई. दवाखान्यातल्याच नर्सनं नंबर दिला. बाई मूळची आमच्या गावचीच निघाली, कोल्हापूरला असायची. वॉर्डातच भेटायला आली. साधी सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी, बोलणं अगदी सावकाश. प्रत्येक शब्द आधी तपासून मग बाहेर सोडल्यासारखं.

मी विचारलं, “रक्ताचा रिपोर्ट कुठं मिळंल हो?”

ती म्हणाली, “खाली. ती... रक्त तपासायची खोली आहे ना, तिथं.”

मग ती खाटेजवळ गेली. माझ्या बायकोनं तिच्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं.

“ओळखलं मॅडमनी,” ती म्हणाली. “मी कावेरी, काका. कावेरी म्हेत्रे. मी पायरीवरची.”

तेव्हा मला आठवलं. बरीच वर्षं झाली होती त्याला. दुसऱ्या पाळीला निघालो की पायरीवर एक काळीसावळी पोरगी बसलेली असायची, मांडीवर वही, दोन्ही बाजूंना चपला. मी म्हणायचो, “सरक गं पोरी.” ती सरकायची. बॅच संपत आली तरी ती तिथंच होती. बोलताना अडखळायची. तिच्या घरी अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि त्यावर हा अडखळा. आतली पोरं तिला ‘लॅब-लॅब’ म्हणायची. ते नाव मॅडमनंच ठेवलेलं. मग एकदम ती यायची बंद झाली. मी विचारलं तर बायको म्हणाली, “सोडलं तिनं.”

“आता नीट बोलतेस की,” मी म्हणालो.

“शिकले काका. मग तेच शिकवायचं काम धरलं.”

मे महिन्यापासून ती आठवड्यातून दोनदा घरी यायला लागली. यायची ती मागच्या दारानं, मोरीच्या बाजूनं. चपला तिथंच काढायची आणि स्वयंपाकघरातून आत यायची. मी एकदा म्हटलं, “पुढचं दार उघडं आहे की.” ती म्हणाली, “हे जवळ पडतं.” बसस्टँडवरून येणाऱ्याला मागचं दार जवळ पडत नाही.

पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, “मॅडम तुम्हाला काय म्हणायच्या?”

मी लाजत सांगितलं, “मिस्टर.”

“ते शेवटी घेऊ. जिवाचा शब्द आधी घ्यायचा नाही. तो आला नाही की माणूस बाकीचेही सोडून देतो. आधी पोटाचे शब्द. पाणी, जेवण, नको.”

“येईल ना पण? मिस्टर?”

“येईल. पण मी सांगीन तसं करायचं. मध्ये पडायचं नाही.”

त्या दिवशी तिनं तांब्याभर पाणी मागितलं आणि तो बायकोच्या समोर, पण हाताबाहेर ठेवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. माग बंद पडले होते, लाईट नव्हती, पंखा नव्हता. कावेरी म्हणाली, “मॅडम, हे काय आहे? मागा.”

बायकोनं डाव्या हातानं खूण केली.

“हातानं नाही. तोंडानं.”

“भाजी.”

“भाजी नाही. पा...”

“भाजी.”

बराच वेळ गेला. बायकोचे ओठ सुकून पांढरे पडले. मी उठलो.

“बसा काका.”

“अगं, घसा कोरडा पडलाय तिचा.”

“कोरडा पडल्याशिवाय कुणी मागत नाही. बसा.”

मी बसलो. बायकोनं माझ्याकडं बघितलं. तसं तिनं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं, ब्रिटिश मिस्टर म्हणतानासुद्धा नाही. मग तिनं कावेरीकडं बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं होतं. आणि तिचे ओठ जुळले. “पा.”

कावेरीनं फुलपात्रात पाणी ओतलं. एक घोट. तळ झाकेल एवढंच.

“अर्ध्या शब्दाला एवढंच,” ती म्हणाली.

चौथ्या खेपेला बायको स्पष्ट म्हणाली, “पाणी.” त्या दुपारी तिनं अख्खा तांब्या पिऊन संपवला आणि नंतर ओकली. मी फरशी पुसत होतो आणि मला आनंद झाला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

शेजारच्या गोदाक्का कुंपणावरून रोज विचारायच्या, “काय वं फिटर, बोलत्यात का बाई?”

“पाणी म्हणते आता.”

“बरं झालं बाई. आख्ख्या गल्लीला घाम फोडला हुता तिनं इंग्रजीचा. आता तिला मराठी सुचंना. देव बघतोय म्हणायचं.”

मग स्वतःच जीभ चावायच्या आणि वाटीभर पिठलं पाठवायच्या.

जूनमध्ये ‘नको’ आलं. मग ‘ये’ आलं, ‘बस’ आलं. ‘बस’ अगदी करड्या सुरात यायचं. कावेरी कधी रागावली नाही, कधी हसली नाही, कधी पाठ थोपटली नाही. ती एखाद्या मागासमोर बसल्यासारखी बायकोसमोर बसायची आणि तुटलेला धागा दिसला की तिथंच थांबायची. आमच्या गिरणीतसुद्धा इतकं चोख काम करणारं माणूस कमी. जाताना मी चहा द्यायचो. ती उभ्यानंच प्यायची.

गुरुपौर्णिमेच्या आधीच्या खेपेला ती मला म्हणाली, “काका, पुढच्या वेळेपासून ‘मिस्टर’ घेऊ. तयार झाल्यात त्या.”

त्या रात्री मी दाढी केली. कशासाठी ते मलाही माहीत नाही.

गुरुपौर्णिमेला तिचे जुने विद्यार्थी दरवर्षी येतात. त्या वर्षी तर येणारच होते. मॅडम कशा झाल्यात बघायचं होतं. कावेरीनंच सांगितलं होतं, “येऊ द्या. मॅडमना खुर्चीत दाराजवळ बसवू. आलेल्या प्रत्येकाला त्यांनी ‘ये’ म्हणायचं. माणसांपुढं बोलायची भीती मोडते.” चांगली योजना होती. मी सकाळी तिला निळी साडी नेसवली, एका हाताला नेसवतात तशी, आणि वेणी घातली. वेणी वाकडी झाली.

दहाच्या सुमाराला पोरं यायला लागली. पोरं म्हणजे आता सगळे मोठे. कुणी बँकेत, कुणी औषध कंपनीत, एकीच्या कडेवर मूल. सगळ्यात पुढं दिग्विजय हुपरे. हा पहिल्यापासून वात्रट. आता विमा विकतो, पोट सुटलंय, पण तोंड तेच. त्यानं उंबऱ्यावर येऊन दोन्ही हात पसरले.

“फिटरकाका, नाका चालू आहे का बंद?”

मी हसलो. त्यानं मोठ्यांदा म्हटलं, “लॅब्रटोरी! लबॉरट्री!” आणि कोपरापासून सलाम ठोकला. बायकोचा चेहरा उजळला. ती म्हणाली, “ये.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकानंच तसं केलं. उंबऱ्यावर थांबायचं, शब्द दोन्ही तऱ्हेनं म्हणायचा, मॅडम ‘ये’ म्हणायच्या, आत यायचं, पायांवर फूल ठेवायचं. पायरीवर चपलांचा ढीग झाला. एवढी खूश ती दुखण्यानंतर पहिल्यांदाच दिसत होती. खोली भरून गेली.

तेवढ्यात कावेरी आली. नेहमीसारखी, मागच्या दारानं. स्वयंपाकघराच्या पडद्यातून पुढं येऊन मॅडमच्या खुर्चीमागं उभी राहिली.

दिग्विजयनं डोळे बारीक केले. “अगं! ही आपली लॅब-लॅब नाही का?”

“मी मॅडमना बोलायला शिकवते,” कावेरी म्हणाली.

“तू? बोलायला?” तो असा हसला की त्याच्या मांडीवरचं ताट हललं. “आणि आलीस कुठून? मागच्या दारानं? मॅडम, हिनं नाका चुकवला! आजपण चुकवला!”

सगळे हसले. वाईट मनानं नाही. जुन्या वर्गात हसतात तसे. कावेरीही थोडी हसली. तिथं थांबला असता तर बरं होतं.

“आणि हिच्या अप्पांची आठवण आहे का कुणाला?” तो उठून उभा राहिला. “आले होते बघा एकदा. मागावरनं तसेच, डोक्यावर सगळा कापूस. हात जोडून म्हणतात, ‘बाई, पोरीला आत घ्या, बाहेर लोकं हसत्यात.’ मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणून दाखवा, तिला घेते.’ आणि म्हाताऱ्यानं म्हटलं की हो!” त्यानं मान वाकडी केली, हात जोडले आणि कानडी हेल काढून म्हणाला, “‘लब्बा... लब्बातोरी!’ आणि मॅडम म्हणतात, ‘बसा मग तुम्हीपण, पोरीशेजारी!’”

हसू फुटलं. मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा गिरणीत असणार. मी बायकोकडं बघितलं. तिचे खांदे हलत होते. तीही हसत होती. हसायला शब्द लागत नाहीत.

“बसले होते ते,” कावेरी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच सावकाश होता. “चपलांच्यात बसले होते. मीच उठवून घरी नेलं. ते नंतर कुणापुढं इंग्रजी शब्द बोलले नाहीत. बस, स्टेशनसुद्धा नाही.”

कडेवरचं मूल रडायला लागलं.

“बरोबर आहे दिग्विजयचं,” ती म्हणाली. “नाका सगळ्यांना.”

तिनं वाकून माझ्या बायकोला काखेत धरलं, जसं चालवायच्या वेळी धरायची, आणि उठवलं. बायकोला वाटलं, चालायचं आहे. ती चालली. उंबरा ओलांडला. कावेरीनं तिला पहिल्या पायरीवर टेकवलं. एका हातानं चपला बाजूला सारून तेवढीच जागा केली. मग स्वतः आत येऊन उंबऱ्यात उभी राहिली, पाठ आमच्याकडं.

पोरांना अजून वाटत होतं की हा उपचाराचाच भाग आहे. कुणीतरी मोबाइल काढला.

“म्हणा मॅडम,” कावेरी म्हणाली. “आधी अमेरिकन. मग ब्रिटिश. मग आत.”

बायकोनं वर बघितलं. तिला समजलं. तिला सगळंच समजायचं. तिचे ओठ हलले. “लॅ.” पुन्हा हलले. “लॅ... लॅब. लॅब... लॅब.”

मागून एका बाईचं हसू सुटलं आणि तिनं पदर तोंडाला लावला. गल्लीत गोदाक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या. मागावरची दोन माणसं विडी ओढत बघत होती.

“लॅब... लॅब... भाजी,” बायको म्हणाली.

मी पुढं झालो. “पुरे झालं कावेरी.”

तिनं मागं वळून बघितलंही नाही. “पाण्याच्या वेळी बसलात ना काका? आताही बसा.”

मी बसलो नाही, पण पुढंही गेलो नाही, कारण तेवढ्यात बायकोनं हात वर केला. डावा हात. शिकवताना ती उजवा करायची, पण खूण तीच होती. बोट सरळ कावेरीच्या तोंडाकडं.

आम्हाला कळेना. दिग्विजयला कळलं. त्यानं मांडीवर थाप मारली. “नियम! नियम आहे! विचारणाऱ्यानं आधी म्हणायचं! म्हण लॅब-लॅब!”

“म्हण, म्हण,” बाकीचेही म्हणाले. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं.

मला कावेरीची फक्त मान दिसत होती. शांत मान. एवढी शिकलेली बाई, दवाखान्यात डॉक्टर तिला मान देत, मुक्या माणसांना तिनं बोलतं केलेलं. मला वाटलं, ती पटकन म्हणेल आणि संपेल. तिनं श्वास घेतला.

“लॅ,” ती म्हणाली.

तिच्या मानेची शीर वर आली.

“लॅ... लॅ... लॅब... लॅब...”

दाराच्या आत ती, बाहेर पायरीवर माझी बायको. गल्लीतले सगळे माग चालू होते, तरी मला दुसरं काही ऐकू आलं नाही. मग कुणीतरी खुदकन हसलं. आणि त्यानंतर पायरीवरून माझ्या बायकोचं हसू आलं. मोठं, मोकळं, पहिल्यासारखं. तीन महिन्यांत मी तिचा असा स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. मला तो ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

हसता हसता तिनं बोट खाली वळवलं आणि शेजारची पायरी दाखवली.

“बस,” ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

कावेरीचा पाय उंबऱ्यावरून खाली उतरला. मला नाही वाटत तिनं तो उतरवला. तो उतरला. दुसराही उतरला. ती चपलांच्यात उभी राहिली, गुडघे बसण्यासाठी थोडे वाकले, आणि मग ती भानावर आली. तिनं आजूबाजूला बघितलं, त्या ढिगात स्वतःच्या चपला शोधल्या. तिच्या चपला मागच्या दाराशी होत्या. ती तशीच अनवाणी गल्लीतून निघून गेली. जुलै असला तरी पाऊस रुसला होता आणि डांबर तापलेलं होतं.

“काय पोरगी आहे!” दिग्विजय म्हणाला. “थट्टापण सोसंना.” मग त्यानंच मॅडमना उचलून खुर्चीत बसवलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

कावेरी परत आली नाही. मी फोन करत राहिलो. ती उचलत नव्हती. मी तिच्या चपला कागदात गुंडाळून कोल्हापूरला नेल्या, तर तिच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीकडं ठेवून आलो. चपला मिळाल्यावर असेल, तिनं एकदा फोन उचलला.

मी म्हटलं, “अगं, ती आता काहीच म्हणत नाही. पाणीसुद्धा नाही. तूच ये. वाटलं तर मी दिग्विजयला घेऊन तुझ्या पाया पडायला येतो.”

“दुसरं कुणी बघा काका.”

“दुसरीला आणलं होतं. हिनं तिच्या तोंडावर पाणी फेकलं.”

मला विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं. “कावेरी, एक खरं सांग. ते पाणी अडवून धरायचं, घोट-घोट द्यायचं, ते औषध होतं का सूड होता?”

“दोन्ही होतं, काका,” ती म्हणाली. “आणि लागू पडत होतं.”

तिनं फोन ठेवला.

गुरुपौर्णिमेनंतर बायकोनं एकही शब्द काढला नाही. जमत नव्हता का काढायचाच नव्हता, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. हवं असेल त्याकडं बोट करायची. मी आणून द्यायचो, न मागता, भरभरून. ती समाधानात दिसायची. दुपारी खुर्ची दाराशी ओढायला लावायची आणि रिकाम्या पायरीकडं बघत बसायची. मार्गशीर्षात दुसरा झटका आला. त्यातून ती उठली नाही. तेराव्याला पोरं आली होती. दिग्विजय खूप रडला. कावेरी आली नाही. मी तिला कळवलं होतं.

आता पुढची खोली मी भाड्यानं दिली आहे. तिथं सूत गुंडाळलेले कोन ठेवतात. भाडेकरूंची पोरं पायरीवर चपला काढतात आणि मला ‘आजोबा’ म्हणून हाक मारतात.

गुरुपौर्णिमेनंतर ‘मिस्टर’ घ्यायचं ठरलं होतं. ते घ्यायचं राहिलं.